"काही करत नाही हो तो!" : शेजारचा कुत्रा अंगावर येत असेल तर

हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळा. कुत्रा तुमच्या पोटरीपासून वीतभर अंतरावर दात दाखवत उभा असतो, पट्टा जमिनीवरून फरफटत असतो आणि पंधरा पावलांवरून मालक हसत सांगत असतो, "काही करत नाही हो तो, नुसता वास घेतोय." मालक खोटं बोलत नसतो, हे आधी लक्षात घ्या. घरातल्यांना तो खरोखरच काही करत नाही. मालकाने रात्री पायाशी झोपलेला कुत्रा पाहिलाय आणि तुम्ही सकाळी सातला फाटकातून सुटलेला. अर्धा गुंता इथेच आहे.

अशा एका कुत्र्याच्या शेजारी मी काही वर्षं काढली. पहिले दोन महिने मी एकच वाक्य वेगवेगळ्या पट्टीत म्हणत होते: "तुमच्या कुत्र्याला आवरा." विनवून म्हटलं, चिडून म्हटलं, एकदा तर रडतरडत म्हटलं. ढिम्म काही झालं नाही. मग एक दिवस लक्षात आलं की त्यांचं फाटक बिजागरीतून खाली बसलंय. कडीचा दांडा समोरच्या भोकाच्या बोटभर खाली येत होता. काका फाटक ओढायचे, कडी सरकवायचे, खट् आवाज व्हायचा आणि लागली असं समजून आत जायचे. दांडा भोकात न जाता पट्टीवर नुसता टेकलेला असायचा. कुत्र्याने नाकाने एक ढुशी दिली की फाटक उघडं. मी जाऊन म्हटलं, "काका, फाटक बोटभर वर उचलून घेता का? कडी बसत नाहीये." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम झालेलं होतं.

तेव्हापासून ज्याला या प्रकाराचा पहिल्यांदाच त्रास सुरू झालाय त्याला मी एकच सांगते: "कुत्र्याला आवरा" ही मागणी नव्हे, तो वैताग आहे. झाली की नाही हे डोळ्यांनी बघून सांगता येतं, ती मागणी. खालच्या सगळ्या पायऱ्या तुम्हाला अशा मागणीपर्यंत नेण्यासाठी आहेत, आणि तोवर तुमची पोटरी शाबूत राहावी यासाठी.

पहिलं काम: नुसतं बघा

तक्रारीआधी चार-पाच दिवस बघण्यात घालवा. कुत्रा कधी, कुठे, कशावर चवताळतो? बहुतेक वेळा प्रकरण तिघांपैकी एक निघतं.

कुंपणाआडून भुंकणारा. रस्त्याने कोणी निघालं की हा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. त्याच्या बाजूने बघा: परका येतो, आपण भुंकतो, परका निघून जातो. तुम्ही आपल्या कामाला निघालेले असता, पण त्याच्या हिशेबी त्याने तुम्हाला पळवून लावलेलं असतं. दिवसातून वीस वेळा जिंकायला मिळणारा खेळ कोण सोडेल? शिवाय दिसतंय पण पोहोचता येत नाही, याची चिडचिड साचत जाते, आणि एखाद्या दिवशी फाटक उघडं सापडलं की ती सगळी घेऊन तो बाहेर येतो. भुंकणारं कुत्रं चावत नाही ही म्हण माणसांसाठी केलेली आहे. खऱ्या कुत्र्यासमोर तिच्यावर विसंबू नका.

पट्ट्यावर असताना झेपावणारा. दुसरा कुत्रा, सायकल, पळणारं मूल दिसलं की हा मागच्या दोन पायांवर उभा राहतो. पुष्कळदा हा घाबरट असतो. पट्ट्यामुळे पळता येत नाही, मग आपणच आधी अंगावर जातो. पिल्लाच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाशी ओळख होण्याचा असतो. त्या दिवसांत जे पाहिलंच नाही, त्याची धास्ती पुढे राहू शकते. असा कुत्रा तापलेला असताना मालकाने मध्ये हात घातला तर तो मालकालाही चावतो. वड्याचं तेल वांग्यावर. तुमचा हात तर तिथे नकोच.

तिसरा मोकळा सुटून येणारा. यात धोका सर्वांत जास्त, पण उपाय बहुधा सर्वांत सोपा, कारण बाहेर पडायची वाट सापडली की अर्धं काम होतं. फाटक, जाळीचा उसवलेला कोपरा, कुंपणाखाली उकरलेली जागा, किंवा दार नीट न लावणारं घरातलंच कोणीतरी.

वर्षानुवर्षं शांत असलेला कुत्रा अचानक बिथरला असेल तर मात्र आजाराची शंका घ्या. सांधे, दात, कान दुखत असले, दिसणं-ऐकणं कमी झालं असलं की गरीब जनावरही फिस्कारतं. मालकाच्या हे लक्षात आलेलं नसेल तर सांगून टाका, त्यात तुमचंही भलं आहे.

मग कुत्र्याचं अंग वाचायला शिका. शेपूट हलतेय म्हणजे स्वारी खूश, हा समज डोक्यातून काढा. अंग सैल आणि शेपटीबरोबर कंबरही हलत असेल तर ठीक. शेपूट उंच, ताठ आणि फक्त टोकाशी थरथरत असेल तर ते स्वागत नव्हे. झोप नसताना जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, तोंड वळवून डोळ्याच्या कडेने बघणं (बुबुळाशेजारी पांढऱ्याची कोर दिसते), कान मागे पाडणं, या सगळ्या "लांब राहा" अशा विनंत्या आहेत. त्यानंतर गुरगुर, वर उचललेला ओठ, पाठीवर उभे राहिलेले केस. आणि भुंकताभुंकता तो एकदम गप्प होऊन खिळल्यासारखा उभा राहिला, तर त्या क्षणाला सर्वांत जास्त घाबरावं.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला फटका देणारे मालक मी पाहिलेत. त्याने गुरगुर जाते, चावणं जात नाही. पुढच्या वेळी तो न सांगता चावतो.

समोर आलाच तर

पळू नका. सांगायला सोपं आहे, करायला नाही, कारण पाय आपल्याला विचारत नाहीत. पण पळणारी वस्तू दिसली की पाठलाग करायचा हे कुत्र्याच्या रक्तात आहे आणि धावण्यात तो तुम्हाला कधीही गाठेल.

जागीच थांबा. शरीर थोडं तिरकं ठेवा, समोरासमोर छाती काढून उभं राहू नका. हात अंगाशी, बोटं मुठीत. नजर त्याच्या पायांवर किंवा शेजारच्या जमिनीवर. डोळ्यांत डोळे घालून बघणं म्हणजे आव्हान, आणि पाठ फिरवणं म्हणजे तो कुठे आहे हेच न कळणं. श्वास सोडा. बहुतेक कुत्रे न हलणाऱ्या माणसाचा वास घेतात, दोनचार भुंका टाकतात आणि कंटाळतात. त्याने एक पाऊल मागे घेतलं की तुम्हीही तिरकंच, हळू, एकेक पाऊल मागे सरका. एखादी गाडी, फाटक, झाड मध्ये आलं की मग वेग वाढवा.

जवळ पिशवी, दप्तर, छत्री, जाकीट जे असेल ते दोघांच्या मध्ये धरा. चावायचंच असेल तर त्याला पिशवी चावू द्या, सोडून द्या ती त्याच्या तोंडात. काठी असेल तर उगारू नका, समोर आडवी धरा. सायकलवर असाल तर पाय मारत सुटण्यापेक्षा उतरा आणि सायकल मध्ये घ्या. चाकं थांबली की निम्म्या कुत्र्यांचा उत्साहही थांबतो.

आवाज एकच, खालच्या पट्टीतला: "घरी जा" किंवा "थांब". पाळलेल्या कुत्र्याला घरात ऐकून माहीत असलेला शब्द कधीकधी कामाला येतो. किंचाळलात तर तो आणखी चेकाळतो.

पडलात तर पालथे व्हा, गुडघे पोटाशी घ्या, बोटं मानेमागे एकमेकांत गुंतवा आणि कोपरांनी कान-चेहरा झाका. दात लागलेच आणि त्याने धरून ठेवलं, तर हिसका देऊन अवयव सोडवायला जाऊ नका, जखम फाटते. ओरडून माणसं बोलवा आणि मान-चेहरा वाचवा.

घरात मुलं असतील तर हे त्यांना खेळ म्हणून शिकवा. "झाड" म्हटलं की हात फांद्यांसारखे खाली, नजर मुळांकडे, हलायचं नाही. "दगड" म्हटलं की जमिनीवर गोळा होऊन पडायचं. दिवाणखान्यात दहा वेळा खेळलं की रस्त्यावर आठवतं. मुलांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असतो, म्हणून हा खेळ मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त गरजेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे रेबीजचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्या माणसांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात.

तुमच्याबरोबर तुमचा कुत्रा असेल आणि दोघांची जुंपली, तर मानेच्या पट्ट्याला हात घालू नका. माणसांना पुष्कळदा चावे बसतात ते अशाच वेळी. बादलीभर पाणी, नळाची धार, मध्ये सरकवलेली फळी चालेल. दोन मोठी माणसं असतील तर प्रत्येकाने एका कुत्र्याचे मागचे पाय धरून, हातगाडी ओढावी तसं मागे आणि बाजूला ओढायचं. एकट्याने हा प्रयोग करू नये.

वही घाला

पहिल्या प्रसंगापासून नोंद ठेवा. महिन्याभराने तुम्हाला "तो नेहमीच असं करतो" एवढंच आठवतं आणि शेजाऱ्यांना "एकदाच तर झालं" एवढंच. माझ्या वहीतली पहिली नोंद अशी होती: "आज परत त्या मेल्या कुत्र्याने जीव घेतला." वाचणाऱ्याला यातून माझा राग कळतो, बाकी काही नाही. नंतरची नोंद बघा:

"मंगळवार, ३ तारीख, सकाळी ७.१०. फाटक अर्धं उघडं. कुत्रा रस्त्यावर, पट्टा नाही. माझ्यापासून दोनेक मीटरवर थांबून गुरगुरला, साधारण एक मिनिट. काकूंनी तीन हाका मारल्या, गेला नाही, शेवटी ओढून नेला. समोरच्या आजोबांनी पाहिलं. फोनमध्ये व्हिडिओ आहे."

अशा सहा नोंदी झाल्या की त्यातून आपोआप काहीतरी दिसू लागतं. माझ्या सहापैकी पाच नोंदी सकाळी सात ते साडेसातच्या होत्या. त्या वेळेत त्या घरातली गाडी बाहेर निघायची.

व्हिडिओ आपल्या दारातून किंवा रस्त्यावरून घ्या. शेजाऱ्याच्या घरात कॅमेरा रोखलात तर भांडणाचा विषयच बदलतो आणि तुम्ही आरोपी होता.

किती गंभीर झालं हे लिहायला एक मोजपट्टी उपयोगी पडते. इयान डनबार या पशुवैद्याने चाव्यांच्या सहा पातळ्या मांडल्या आहेत. पहिली: अंगावर आला, दात लागला नाही. दुसरी: दात कातडीला लागला, पण भोक पडलं नाही. तिसरी: एका चाव्यात एक ते चार भोकं, सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ. चौथी: त्याहून खोल. पाचवी: असे खोल चावे एकापेक्षा जास्त. सहावीत जीव जातो. पहिल्या-दुसऱ्या पातळीचा कुत्रा शिकवणीने सुधारायला भरपूर वाव असतो. चौथ्या पातळीपासून मात्र कडी-कोयंड्याच्या आणि समजुतीच्या गप्पा पुरत नाहीत, थेट अधिकाऱ्यांकडे जायचं.

मालकाशी बोलायला जाताना

कुत्रा अंगावर आला त्या क्षणी बोलू नका. तुमचा आवाज चढलेला असतो, मालक ओशाळलेला असतो, आणि ओशाळलेला माणूस सर्वांत आधी भांडतो. त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी जा. दारातून बोलायचं म्हणजे कुत्राही दारात, म्हणून आधी निरोप द्या: "पाच मिनिटं बोलायचंय, तुम्ही बाहेर येता का?" एकटं जा. चार शेजारी गोळा करून नेलेत तर तो मोर्चा होतो.

सुरुवात कुत्र्याच्या स्वभावापासून करू नका. "तुमचा कुत्रा माजलाय" हे ऐकणाऱ्याला "तुमचं कार्टं वाया गेलंय" असं ऐकू येतं. काय घडलं तेवढं सांगा आणि लगेच मागणीवर या. "काका, मंगळवारी सकाळी सातला तो फाटकातून बाहेर आला आणि माझ्याजवळ येऊन गुरगुरला. मुलीलाही मी त्याच वेळी सोडायला निघते. सकाळी गाडी काढताना त्याला आत बांधून ठेवाल का?" तीन वाक्यं. चौथं बोलायचा मोह होतो, आवरा.

उत्तरं ठरलेली असतात, म्हणून आधीच ओळख करून ठेवा.

"काही करत नाही हो तो." याला वाद घालू नका. "तुमच्याशी नाहीच करत, बघतेय ना मी. मला मात्र तो ओळखत नाही. तेवढी कडी..."

"तुम्ही घाबरता म्हणून तो येतो." असेलही. घाबरलेल्या माणसाच्या हालचाली कुत्र्याला कळतात. पण रस्त्यावरून जाण्यासाठी धीट असण्याची अट कुठेच नाही. हसून म्हणा, "मी घाबरतेच. म्हणूनच पट्टा हवा."

"कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, काय करणार!" या उत्तराचा मला सर्वांत राग येतो, कारण जबाबदारी झटकायची ही सर्वांत गोड तऱ्हा आहे. शेपटीबद्दल कोणी तक्रार केलेली नसते, फाटकाबद्दल केलेली असते.

आता मागायचं काय. सगळं एकदम मागू नका, तुमच्या वहीतून जे दिसलं त्याला लागू पडेल ते एक किंवा दोन.

सुटून येत असेल तर फाटकाला आपोआप ओढलं जाणारं स्प्रिंग आणि नीट बसणारी कडी, जमल्यास आत दुसरं छोटं फाटक, म्हणजे एक उघडलं तरी दुसरं बंद राहतं. उकरून बाहेर येत असेल तर कुंपणाच्या पायाशी दगड किंवा जमिनीत गाडलेली जाळी. कुंपणाआडून चवताळत असेल तर जाळीच्या खालच्या भागावर ताडपत्री, फळ्या, दाट झुडपं, असा काहीतरी आडोसा. रस्ता दिसेनासा झाला की भुंकण्याला कारणच कमी उरतं. कामाच्या मानाने हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि सर्वांत कमी लोकांना सुचतो.

फिरवताना झेपावत असेल तर दीड-दोन मीटरचा साधा, मजबूत पट्टा मागा. बटण दाबलं की पाच-पाच मीटर सुटत जाणारी ती दोरी झेपावणाऱ्या कुत्र्यासाठी अगदीच कुचकामी, कुत्रा तुमच्यापर्यंत पोहोचला तरी मालक कोपऱ्यावरच असतो. पट्टा धरणारा माणूस कुत्र्याला पेलणारा हवा. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात दांडगा कुत्रा म्हणजे खरं तर सुटलेलाच कुत्रा.

पूर्वी कोणाला दात लागले असतील तर मुसकं मागायला संकोच करू नका. मात्र पिंजऱ्यासारखं, ज्यातून त्याला तोंड उघडून धापता येतं, पाणी पिता येतं असं. तोंड घट्ट आवळणारं कापडी मुसकं फिरवताना घालू नये. कुत्रे धापूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतात, ते बंद केलं तर जीवावर बेतू शकतं. मुसकं घातलेल्या कुत्र्याच्या मालकाला नावं ठेवणारे लोक असतात. मला तर तो रस्त्यावरचा सर्वांत जबाबदार माणूस वाटतो.

मालकाची खरोखर इच्छा असेल तर पशुवैद्याकडून तपासणी आणि मग प्रशिक्षक. चांगला प्रशिक्षक काय करतो? कुत्रा जेवढ्या अंतरावरून परक्याला बघूनही शांत राहतो, तिथून सुरुवात करतो, तेव्हा त्याला आवडता खाऊ देतो आणि आठवड्यांमागून आठवडे ते अंतर थोडंथोडं कमी करतो. परका दिसला की काहीतरी चांगलं मिळतं, अशी गाठ बसवायची असते. मारून, विजेचा झटका देणारा पट्टा घालून सरळ करतो म्हणणाऱ्यापासून दूर राहायला सांगा. घाबरलेल्या कुत्र्याला परका दिसताक्षणी वेदना झाली तर परक्याविषयीची भीती दुप्पट होते, आणि तो परका तुम्ही असता. नसबंदीने भटकणं कमी होऊ शकतं, पण भीतीतून चावणारा कुत्रा त्याने बदलेल अशी खात्री नाही.

निघताना एक विचारून ठेवा: रेबीजची लस शेवटची कधी दिली? तक्रार म्हणून नको, सहज. हे उत्तर पुढे कधी लागू नये, पण लागलं तर घाईत लागतं.

तुमच्या बाजूने

मालक सुधारेपर्यंत वाट बघत बसायचं नसतं. तुमच्या हद्दीतलं कुंपण तपासा. त्याच्याकडून होत नसेल तर आडोसा तुमच्या बाजूने लावा. जाण्यायेण्याची वेळ दहा-पंधरा मिनिटांनी बदलून बघा. हा पराभव वाटतो, कळतं मला, पण मुलीला शाळेत सोडताना तत्त्वाची लढाई लढायची नसते. कुंपणाशी उभं राहून त्याला दटावणं, दगड मारणं, मुलांनी चिडवणं पूर्ण बंद. त्याच्या डोक्यात तुमची एकदा नोंद झाली की ती पुसायला फार वेळ लागतो. मालकाला न विचारता खायला घालणंही नको. उद्या त्याचं पोट बिघडलं तरी नाव तुमचं येईल.

बोलून झालं, काही बदललं नाही

दोन आठवडे द्या. मग लेखी. चिठ्ठी असो वा मेसेज, त्यात तारखा, काय घडलं, काय ठरलं होतं आणि कोणत्या दिवसापर्यंत काय हवं, एवढंच. धमकी नको, टोमणा नको. हे पत्र उद्या तिसरा माणूस वाचणार आहे असं धरून लिहा. प्रत जपून ठेवा.

त्यानंतर पायरीपायरीने वर: इमारतीची किंवा वसाहतीची समिती, घर भाड्याचं असेल तर घरमालक, मग पालिकेचा किंवा स्थानिक प्रशासनाचा प्राण्यांसंबंधीचा विभाग. नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात, म्हणून पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारा. सार्वजनिक जागी पट्टा सक्तीचा आहे का? कुत्र्याची नोंदणी आणि लस बंधनकारक आहे का? कुत्रा अंगावर आला किंवा चावला तर तक्रार कोण नोंदवून घेतं? तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. चावा, किंवा मालकाकडून धमकी, यांपैकी काही घडलं तर मधल्या पायऱ्या गाळून पोलिसांत जा.

दुसऱ्यांनाही त्रास होत असेल तर त्यांनी आपापल्या नोंदी, आपापल्या शब्दांत द्याव्यात. एकाच मजकुराखाली वीस सह्या यापेक्षा वेगवेगळ्या तीन तक्रारी जास्त बोलतात.

आणि हे स्पष्टच लिहिते, कारण वैतागलेल्या माणसाला कोणीतरी हळूच सुचवतंच: विष घालायचा विचारही करू नका. अनेक देशांत तो गुन्हा आहे, त्या खाण्याला दुसरं जनावर किंवा एखादं मूल तोंड लावू शकतं, आणि ज्याच्या फाटकाची कडी कोणी नीट लावली नाही त्या कुत्र्याचा यात दोष तसा थोडाच असतो.

चावलाच तर

इथे मात्र क्रम पाळा.

१. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, पूर्ण १५ मिनिटं. घड्याळ लावा, कारण दोन मिनिटांनीच खूप झालं असं वाटतं. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो आणि हे धुणं हा उपचाराचाच भाग आहे. रक्त भळाभळा वाहत असेल तर आधी स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि तातडीची मदत बोलवा.

२. मग आयोडीनसारखं जंतुनाशक. तेल, पूड, कुठलाही घरगुती लेप लावायचा नाही. घट्ट बांधायचंही नाही.

३. त्याच दिवशी डॉक्टर. नुसता ओरखडा असला, रक्त आलं नसलं तरी. जागतिक आरोग्य संघटना जनावराशी आलेल्या अशा संपर्काचे तीन वर्ग करते. धडधाकट कातडीवर नुसतं चाटलं तर पहिला, त्यात धुण्यापलीकडे उपचार लागत नाही. रक्त न येता खरचटलं किंवा कपड्याने न झाकलेल्या कातडीवर दात घासले तर दुसरा, त्यात लस. कातडी फोडून चावा किंवा ओरखडा बसला, किंवा फुटलेल्या कातडीला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली तर तिसरा, त्यात लस आणि शिवाय जखमेत व तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला लगेच रोखणारी तयार प्रतिपिंडं) टोचतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. हाताचे आणि चेहऱ्याचे चावे लवकर चिघळतात. पुढच्या एकदोन दिवसांत लाली पसरली, ठणका वाढला, ताप आला तर परत जा. प्लीहा काढलेली असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

४. लशीचे पुढचे डोस ठरल्या तारखांना घ्या. "आता बरं वाटतंय" याला इथे काही अर्थ नाही. रेबीजची लक्षणं बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसतात, कधी आठवड्यात, कधी वर्षानेही. आणि एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य.

५. जखमेचे फोटो, डॉक्टरांचे कागद, बिलं जपून ठेवा. वहीत नोंद करा आणि तक्रार त्याच दिवशी द्या.

६. कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड बघायला मागा आणि कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायला सांगा. चावला त्या वेळी लाळेत विषाणू असेल तर या मुदतीत कुत्रा आजारी पडतो किंवा मरतो. दहाव्या दिवशी तो ठणठणीत असेल तर उरलेल्या डोसांचं काय करायचं हे डॉक्टर ठरवतील. पण निकाल येईपर्यंत थांबून मग लस घेऊ, असा हिशेब करायचा नाही. सुरुवात पहिल्याच दिवशी.

या दहा दिवसांत कितीही संताप आला तरी मालकाशी बोलणं तोडू नका आणि त्याचा नंबर ब्लॉक करू नका. कुत्रा खातोय ना, पाणी पितोय ना, कुठे निघून तर गेला नाही ना, हे रोज संध्याकाळी तुम्हाला त्यालाच विचारायचं आहे.